शाळेत दाखवायचा कायदा आहे, पण सिनेमा आणायचा कुठून?

ब्राझीलमध्ये 2014 साली एक कायदा झाला, क्रमांक 13006. अगदी छोटा आहे, दोनचार ओळींत संपतो. त्यात म्हटलंय की प्रत्येक शाळेत महिन्याला किमान दोन तास ब्राझिलियन सिनेमा दाखवायचाच, आणि तो अभ्यासाचा भाग धरायचा. मला हा कायदा मनापासून आवडतो. पोरांना आपल्याच देशाचा सिनेमा बघायला मिळावा, तोही वर्गात, शिक्षकासोबत, नंतर त्यावर बोलता येईल असा, हे कुठल्याही देशाने करावं असंच आहे. पण सिनेमा कुठून आणायचा, कुठली प्रत लावायची, हक्कांचे पैसे कोण भरणार, इंटरनेट नसलेल्या गावातल्या शाळेने काय करायचं, यातलं काहीही त्या दोनचार ओळींत नाही. म्हणजे जेवायला बसा म्हणून ताटं मांडली आणि चुलीकडे कोणी बघितलंच नाही, असं झालंय.

मला जे म्हणायचंय ते सरळ आहे. जनतेच्या पैशाने बनलेला सिनेमा थेटरातून उतरला की त्याचं काम संपत नाही, खरं तर तिथून सुरू होतं, आणि तो घरात, शाळेत, वाचनालयात कायम बघायला मिळेल अशी सोय करणं ही सरकारची जबाबदारी आहे. डीव्हीडी काढायची की नाही हे वितरकाच्या मर्जीवर, आणि नंतर एखाद्या अ‍ॅपला दोन वर्षांसाठी भाड्याने दिला की झालं, एवढ्यावर हा प्रश्न सोडून देता येणार नाही.

हे मी एका सिनेमावरून बोलतोय. ‘द इयर माय पेरेंट्स वेंट ऑन व्हेकेशन’, 2006 चा, दिग्दर्शक काऊ हॅम्बर्गर. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. 1970 साल, बेलो होरिझोंते शहरातला बारा वर्षांचा मौरो. आईवडील घाईघाईत त्याला निळ्या फुस्कात बसवतात (फुस्का म्हणजे आपली बीटल गाडी, तिकडे सगळे फुस्काच म्हणतात) आणि साव पावलोला आजोबांच्या दारात सोडून जातात. आम्ही सुट्टीवर चाललोय, वर्ल्डकपपर्यंत येतो. एवढंच. ते भूमिगत व्हायला निघालेत हे प्रेक्षकाला कळतं, मौरोला कळत नाही. आणि आजोबा, जे न्हावीकाम करतात, ते त्याच दिवशी वारलेले असतात. दार वाजवून वाजवून पोरगा थकतो. मग शेजारचा श्लोमो नावाचा एकटा राहणारा म्हातारा, कडक, सिनेगॉगमध्ये काम करणारा, त्याला नाइलाजाने घरात घेतो. ही बों रेतिरोची वस्ती, ज्यू, इटालियन, ग्रीक अशा सगळ्या स्थलांतरितांची, आणि पुढचा सगळा सिनेमा त्या गल्ल्यांमध्ये, त्या बिल्डिंगच्या जिन्यांवर घडतो.

मौरोकडे बटन फुटबॉलचा सेट असतो. टेबलावर गोल चपट्या चकत्यांचे दोन संघ मांडायचे आणि दुसऱ्या चकतीने दाबून खेळाडू सरकवायचे. ब्राझीलमधल्या त्या पिढीतल्या जवळपास प्रत्येक पोराने हा खेळ खेळलाय. मौरो एकटाच दोन्ही बाजूंनी खेळतो, गोलकीपरला हात लावून नीट उभा करतो, आणि मधेच फोनकडे बघतो. फोन वाजत नाही. हुकूमशाही म्हणजे काय हे मला या न वाजणाऱ्या फोनने जेवढं समजावलं तेवढं छळछावण्या दाखवणाऱ्या बऱ्याच सिनेमांनी नाही समजावलं. मी हा सिनेमा डिस्कवरच बघितला, थांबवत, मागे नेत, परत बघत, आणि माझं ठाम मत आहे की हा असाच बघायचा सिनेमा आहे, कारण यातलं महत्त्वाचं सगळं कोपऱ्यात घडतं. मोठी माणसं दाराआड काय बोलतात, कोण कोणाकडे बघून गप्प होतं, रस्त्यावर कुठली गाडी उभी आहे. पहिल्यांदा बघताना तुम्ही मौरोसारखेच असता, काही कळत नाही. दुसऱ्यांदा बघताना तुम्ही श्लोमो असता.

आता हा सिनेमा अर्धा आत्मचरित्रात्मक आहे, आणि इथेच घरी येणाऱ्या आवृत्तीचा, म्हणजे डिस्क की अ‍ॅप याचा, प्रश्न मला सगळ्यात जास्त महत्त्वाचा वाटतो. हॅम्बर्गरचा जन्म 1962 चा, म्हणजे 1970 मध्ये तो आठ वर्षांचा होता. वडील जर्मनीत जन्मलेले ज्यू, आई ब्राझिलियन, दोघंही साव पावलो विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवायचे, आणि 1970 मध्ये दोघांनाही अटक झाली. पण दोघंही परत आले. पुढे कित्येक वर्षं त्यांनी शिकवलं, वडील तर ब्राझीलमध्ये विज्ञान सामान्य माणसापर्यंत नेणारे म्हणून नावाजले गेले. सिनेमात मात्र अंतिम सामन्याच्या दिवशी आई परत येते, आजारी, पार खचलेली, आणि बाबा येत नाहीत. खऱ्या आयुष्यात भावंडं होती, सिनेमात मौरो एकुलता एक. वय आठचं बारा केलं.

यात कोणी खोटेपणा शोधू नये. उलट मला वाटतं की हा दिग्दर्शकाचा सगळ्यात प्रामाणिक निर्णय आहे. त्याच्या घरची माणसं परत आली, पण ज्यांची आली नाहीत त्यांच्या पोरांसाठी त्याने आपलं बालपण मोकळं करून दिलं. ब्राझीलच्या राष्ट्रीय सत्य आयोगाने डिसेंबर 2014 मध्ये अहवाल दिला त्यात 1964 ते 1985 या लष्करी राजवटीच्या काळातले मृत आणि बेपत्ता मिळून 434 जण नोंदवलेले आहेत (आयोगाने तपासलेला काळ त्याच्याही आधीपासूनचा होता, पण बहुतेक सगळे याच एकवीस वर्षांतले). त्यातल्या बऱ्याच जणांना मुलं होती. मौरोचे बाबा त्या यादीतले आहेत, काऊचे बाबा नाहीत. हा फरक प्रेक्षकाला कळायला हवा की नको? मला वाटतं कळायलाच हवा, सिनेमा बघून झाल्यावर, आधी नाही. आणि हे सांगायची जागा म्हणजे डिस्कवरची दिग्दर्शकाची मुलाखत, सोबतची पुस्तिका, त्या काळाबद्दलचा छोटा माहितीपट. अ‍ॅपवर सिनेमा संपतो न संपतो तोच दहा सेकंदात पुढचं काहीतरी सुरू होतं. शेवटच्या पाट्याही धड वाचू देत नाहीत. ज्या सिनेमाचं अर्धं मोल तो कुठल्या जगण्यातून आला यात आहे त्याच्यावर हा अन्याय आहे.

संदर्भ नसला तर काय होतं ते बघा. 1970 चा वर्ल्डकप म्हटलं की जगाला पेले, जैर्झिन्यो, तोस्ताव, रिवेलिनो आठवतात, 21 जूनला मेक्सिको सिटीत इटलीला 4-1 हरवलं ते आठवतं, कार्लोस अल्बर्तोचा तो शेवटचा गोल आठवतो. आठवायलाच हवा, त्यापेक्षा सुंदर गोल मी बघितलेला नाही. पण त्याच वेळी सत्तेवर जनरल मेदिसी होता, डिसेंबर 1968 च्या पाचव्या संस्थात्मक आदेशाने संसद बंद करून हेबियस कॉर्पस, म्हणजे अटकेला कोर्टात आव्हान द्यायचा हक्क, गुंडाळून ठेवलेलं होतं, आणि ‘ब्राझीलवर प्रेम करा नाहीतर चालते व्हा’ अशी घोषणा गाड्यांच्या काचांवर चिकटवलेली असायची. संघाला वर्ल्डकपसाठी पात्र करून देणारा कोच जुवांव साल्दान्या उघड कम्युनिस्ट होता, त्याला स्पर्धेच्या तीन महिने आधी काढून झगालोला आणलं. विजय झाल्यावर मेदिसीने ट्रॉफीसोबत फोटो काढून घेतले. एकाच महिन्यात लोक रस्त्यावर नाचत होते आणि त्याच शहरातल्या पोलीस ठाण्यांमध्ये माणसं मार खात होती, आणि कित्येकदा तीच माणसं कोठडीतसुद्धा ब्राझीलच जिंकावं म्हणून जीव टाकत होती. ही गुंतागुंत हा सिनेमा एका पोराच्या डोळ्यांतून दाखवतो. पण बारातेरा वर्षांच्या आजच्या मुलाला मेदिसी कोण हेच माहीत नसेल तर त्याच्यासाठी हा फक्त फुटबॉल आणि म्हातारा शेजारी यांचा गोड सिनेमा उरतो. शिक्षकाच्या हातात काहीतरी साहित्य हवंच.

आणि हे जुनं झालं, आता कशाला उकरायचं, असं म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो की 2016 च्या एप्रिलमध्ये ब्राझीलच्या संसदेत महाभियोगाच्या मतदानावेळी एका खासदाराने आपलं मत कर्नल उस्त्राच्या स्मृतीला अर्पण केलं होतं. उस्त्रा म्हणजे 1970 पासून साव पावलोच्या डोई-कोडी या छळकेंद्राचा प्रमुख, ज्याला 2008 मध्ये तिथल्या न्यायालयाने छळ केल्याबद्दल जबाबदार ठरवलं होतं. आणि तो खासदार, जाईर बोल्सोनारो, अडीच वर्षांत राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आला. देशाची आठवण पुसट झाली की काय होतं याचं याहून स्पष्ट उदाहरण मला देता येत नाही. दुसऱ्या बाजूला 2025 च्या मार्चमध्ये ‘आय अ‍ॅम स्टिल हिअर’ला ऑस्कर मिळालं, रुबेन्स पाइवा या माजी खासदाराला जानेवारी 1971 मध्ये घरातून उचलून नेलं त्या कुटुंबाची गोष्ट, आणि ब्राझीलमध्ये लाखो लोक थेटरात गेले, तरुण पोरं घरी येऊन आजीआजोबांना विचारायला लागली. म्हणजे भूक आहे. लोकांना बघायचंय, जाणून घ्यायचंय. अशा वेळी जो मुलगा त्या सिनेमावरून मागे मागे जात मौरोच्या गोष्टीपर्यंत पोचू बघतो त्याच्यासाठी ती ठेवलीय कुठे?

आता पैशाचं बोलू. ब्राझीलचा 1990 नंतरचा सिनेमा मुख्यतः सरकारी आधारावर उभा आहे. 1993 चा ऑडिओव्हिज्युअल कायदा, क्रमांक 8685, त्याखाली कंपन्या करातली रक्कम सिनेमात घालतात, म्हणजे सरकार तो कर सोडतं, म्हणजेच तो जनतेचा पैसा. 2001 मध्ये अँसिनी ही राष्ट्रीय सिनेमा संस्था आली. हे सगळं चांगलंच आहे, याच्याशिवाय हॅम्बर्गरसारख्यांचे सिनेमे बनलेच नसते. आणि त्याच 1993 च्या कायद्यात एक कलम आहे की अशा मदतीने बनलेल्या सिनेमाची एक प्रत सिनेमाटेका ब्राझिलेरा या देशाच्या सिनेमा संग्रहालयात जमा करायचीच. पुन्हा उत्तम. पण जमा करणं वेगळं आणि बघायला मिळणं वेगळं. कायदा प्रत गोदामापर्यंत आणतो आणि तिथे थांबतो.

आणि गोदामाचं काय होतं तेही बघितलंय सगळ्यांनी. सिनेमाटेका साव पावलोमध्ये जुन्या कत्तलखान्याच्या देखण्या विटांच्या इमारतीत आहे, दक्षिण अमेरिकेतला सगळ्यात मोठ्या संग्रहांपैकी एक. 1957, 1969, 1982, 2016, चारदा आग लागली. 2020 मध्ये चालवणाऱ्या संस्थेचा करार संपल्यावर सरकारने घोळ घातला, महिनोन्महिने पगार नाहीत, ऑगस्टमध्ये सगळ्या तंत्रज्ञांना घरी पाठवलं. ही माणसं ओरडून सांगत होती की इथे आग लागेल. 29 जुलै 2021 ला व्हिला लिओपोल्दिनातल्या त्यांच्या गोदामाला आग लागली. फिल्मची रिळं, कागदपत्रं, जुनी यंत्रं जळाली. कोणाला कळत नव्हतं अशातला भाग नव्हता. पुढे 2022 मध्ये संस्था पुन्हा उघडली, नवे लोक आले, काम जोरात आहे, त्यांचं कौतुकच आहे. पण एकाच ठिकाणी एकच प्रत ठेवून आपण सिनेमा वाचवला असं मानणं किती धोक्याचं आहे ते एका शहराने पाचपाच वेळा बघितलंय. हजार शाळांमध्ये, हजार कपाटांत असलेल्या हजार डिस्क एका रात्रीत जळत नाहीत.

मला माहितीये की लोक काय म्हणतील. डिस्क कोण लावतं आता, घरात प्लेअरच नाही. डीव्हीडीचं चित्र 480 ओळींचं, मोठ्या टीव्हीवर धूसर दिसतं. डिस्कसुद्धा खराब होतात, बुरशी धरते. आणि स्ट्रीमिंगने उलट जास्त लोकांपर्यंत सिनेमा नेला ना? बरोबर आहे, काही अंशी सगळंच बरोबर आहे. मी डिस्कच्या प्लास्टिकसाठी भांडत नाहीये. ज्याच्याजवळ सिनेमा आहे त्याच्याजवळ तो उद्याही असावा, यासाठी भांडतोय. फाइल असेल तर फाइल द्या, पण ती शाळेच्या सर्व्हरवर, वाचनालयाच्या हार्डडिस्कवर त्यांची म्हणून राहू दे, दर दोन वर्षांनी करार संपला म्हणून गुपचूप गायब होणारी नको. अ‍ॅपवरून सिनेमा उतरवला जातो तेव्हा कोणी सांगत नाही, बातमी येत नाही. शिक्षकाने जूनमध्ये पाठ आखला आणि ऑगस्टमध्ये सिनेमाच नाही, मग पुढच्या वर्षी तो त्या फंदात पडत नाही, इतकं साधं आहे हे. आणि डिस्कच्या जमान्यातही सगळं गोड होतं असं नाही, रीजन कोडची भिंत होतीच, ब्राझीलची डिस्क रीजन चारची, आपली पाचची, अमेरिकेची एकची, साध्या प्लेअरवर एकमेकांच्या चालायच्या नाहीत. पोर्तुगीज न समजणाऱ्याला सबटायटलशिवाय ती डिस्क असून नसल्यासारखी. म्हणून प्रत कायमची हवी तशीच उघडी हवी, सबटायटलसकट, कर्णबधिर मुलांसाठी वेगळ्या पाट्यांसकट.

हक्कदार निर्मात्यांचं म्हणणं मला जास्त गंभीर वाटतं. सिनेमा विकून पोट भरणाऱ्यांनी तो फुकट का द्यावा? तर फुकट कोणीच मागत नाहीये. मदत देतानाच करारात लिहा की थेटर आणि विक्रीची पहिली काही वर्षं, समजा पाच, पूर्ण तुमची, त्यानंतर शाळा-वाचनालयांसाठी एक प्रत, ठरावीक मोबदला घेऊन. ज्या सिनेमाला जनतेने आधीच अर्धे पैसे दिलेत त्याच्याकडून एवढं मागणं जास्त नाही. उलट सहा वर्षांच्या जुन्या, कोणत्याच अ‍ॅपवर नसलेल्या सिनेमातून आज निर्मात्याला मिळतंय काय? बहुतेक वेळा काहीच नाही. तो फक्त पायरेटेड प्रतींमध्ये जिवंत असतो, खराब चित्र, चुकीची सबटायटलं.

आणि हे जमत नाही असं नाही, ब्राझीलनेच करून दाखवलंय. प्रोग्रामादोरा ब्राझील नावाचा संस्कृती मंत्रालयाचा उपक्रम 2007 च्या सुमारास सुरू झाला होता, सिनेमाटेकाच्याच मदतीने. जुने-नवे, लांब-छोटे सिनेमे एकत्र करून डीव्हीडी बनवायचे आणि फिल्म क्लब, शाळा, सांस्कृतिक केंद्रं यांना अगदी कमी पैशात द्यायचे, दाखवायच्या हक्कासकट. जिथे थेटरच नाही अशा गावांत त्यामुळे पडदे लागले. ब्राझीलच्या बहुतेक नगरपालिकांच्या हद्दीत आजही एक थेटर नाही हे लक्षात घेतलं तर या डीव्हीडींचं मोल कळतं. काही वर्षांनी तो बंद पडला. कायदा 13006 आला तेव्हा ज्या यंत्रणेवर तो चालू शकला असता ती यंत्रणा थंड पडलेली होती, याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. साव पावलो महापालिकेच्या स्पसिने या सिनेमा संस्थेने स्पसिने प्ले नावाचं सरकारी स्ट्रीमिंग काढलं, तेही चांगलंच, पण अमेझॉनच्या काठावरच्या नेट नसलेल्या शाळेला त्याचा काय उपयोग?

मराठी वाचकांनी हे दूरचं समजू नये म्हणून एकच सांगतो. महाराष्ट्र सरकार मराठी सिनेमाला वर्षानुवर्षं अनुदान देतंय, आपल्या करातून, आणि पंधरावीस वर्षांपूर्वीचे कित्येक अनुदानित सिनेमे आज बघायचे तर कोणीतरी व्हीसीडीवरून यूट्यूबवर चढवलेल्या पुसट प्रतीवर भागवावं लागतं, काहींची तर तीही नाही. एकेकाळी मोझर बेअर कंपनीने तीसचाळीस रुपयांत डिस्क विकल्या तेव्हा खेड्यापाड्यात सिनेमा कपाटात आला होता, तो धंदा बुडाला आणि कपाटही रिकामं झालं. पुण्यात जानेवारी 2003 मध्ये नायट्रेट फिल्मच्या, म्हणजे चटकन पेटणाऱ्या जुन्या रिळांच्या, गोदामाला आग लागून प्रभातसकट काय काय गेलं ते आपल्याला माहितीये. अनुदानाच्या अर्जात शाळेसाठी एक प्रत ही अट आपल्याकडेही घालता येईल, त्याला ब्राझीलची वाट बघायची गरज नाही.

ब्राझीलकडे तर पैशाची सबबही नाही. सिनेमा उद्योगाकडून कोंडेसिनी नावाचा कर गोळा होतो, 2011 च्या कायद्यानंतर टेलिकॉम कंपन्याही तो भरतात, आणि त्यातून ऑडिओव्हिज्युअल निधी चालतो. स्ट्रीमिंग कंपन्यांकडून किती घ्यायचं यावर संसदेत गेली काही वर्षं भांडण चालू आहे. माझी मागणी एवढीच की त्या भांडणात निर्मितीसोबत पोचवण्याचाही वाटा लिहून घ्या. निधीतून सिनेमा बनवायला पैसे देता तसे त्याची नीट प्रत, सबटायटलं, शिक्षकासाठी पुस्तिका, दिग्दर्शकाची मुलाखत हे बनवायलाही द्या, आणि सुरुवात 1964 ते 1985 या काळावरच्या सिनेमांपासून करा, कारण ते दिवस बघितलेली माणसं आता सत्तरी-ऐंशीत आहेत, वर्गात बोलायला बोलावलं तर अजून येऊ शकतात.